दुसऱ्या वर्षाचं पीबीएल: १४ आठवड्यांत खरं शिकणं कसं बसवायचं?

खडूफळा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नपासून प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग, म्हणजे पीबीएल, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आलं. इतर विद्यापीठांत आणि स्वायत्त कॉलेजांतही वेगवेगळ्या नावांनी तेच आहे. पण बऱ्याच ठिकाणी ते शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची छोटी नक्कल होऊन बसलं आहे. दहा आठवडे विषय ठरवण्यात जातात, दोन आठवड्यांत जोडाजोडी होते आणि शेवटचे दोन आठवडे रिपोर्ट आणि बाइंडिंगमध्ये संपतात. विषय तरी कुठले? लाइन फॉलोअर (रेघेवरून चालणारा रोबो), ब्लूटूथ होम ऑटोमेशन, झाकण उघडणारा डस्टबिन.

प्रश्न नेमका विचारतो. इलेक्ट्रॉनिक्सचं दुसरं वर्ष, ६० मुलांची डिव्हिजन, २० च्या ३ बॅच, ४ जणांचा गट, म्हणजे एका बॅचला ५ गट. आठवड्याला ४ तास, एकूण १४ आठवडे. मधे इन-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा. यात मुलं काहीतरी *शिकतील* अशी आखणी कशी करावी? इतर शाखांच्या लोकांनीही लिहावं.

सोल्डर_धूर

सगळ्यात आधी विषयाचं वाक्य दुरुस्त करा. "स्वयंचलित ठिबक सिंचन" हे नाव झालं. त्यात कुठेही आकडा नाही, त्यामुळे मोटर चालू-बंद झाली की प्रोजेक्ट संपला. त्याऐवजी असं द्या: "कुंडीतल्या मातीतला ओलावा ५ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात, २ टक्क्यांपेक्षा कमी चुकीने मोजा, आणि तो १२ टक्क्यांच्या खाली गेला की पंप चालू करा." आता मुलांना विचारावंच लागतं की १२ टक्के म्हणजे किती, आणि हे यंत्र खरं बोलतंय हे कळणार कसं.

इथून शिकणं सुरू होतं. माती ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळा आणि ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर २४ तास कोरडी करा (ओव्हन सिव्हिलच्या लॅबमध्ये असतो, हात जोडून मागा). ५०० ग्रॅम कोरडी माती घ्या. २५ मिली पाणी म्हणजे ५ टक्के. ०, ५, १०, १५, २० असे पाच बिंदू, प्रत्येकाला १० वाचनं. पाणी घातल्यावर माती नीट कालवून, पिशवीत बांधून रात्रभर ठेवा, नाहीतर एका बाजूला चिखल आणि दुसरीकडे धूळ.

आता काय बिघडतं ते.

१. दोन दात्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर घेतला तर सतत डीसी दिल्याने एका दात्याचं कोटिंग थोड्या दिवसांत खाल्लं जातं. एका पिनवरून फक्त वाचनापुरता सप्लाय द्या, नाहीतर कपॅसिटिव्ह (उघडा धातू नसलेला) घ्या.

२. कपॅसिटिव्हवर ५५५ ही टायमर आयसी असते. काही बोर्डांवर सीमॉसची टीएलसी५५५ असते, काहींवर साधी एनई५५५. एनई५५५ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टवर ती वाटेल तसं वाचन देते आणि मुलं आठवडाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधतात. आयसीवरचं नाव भिंगातून वाचायला लावा.

३. बोर्डाची कापलेली कड उघडी असते. तिथून पाणी शिरतं आणि वाचन दिवसागणिक सरकतं. कडेला नेलपेंटचे दोन हात द्या.

४. ईएसपी३२ (वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर) वर वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या, म्हणजे दुसऱ्या अॅनालॉग मापकाच्या, पिना वाचता येत नाहीत. सेन्सर जीपीआयओ ३२ ते ३९ वरच लावा आणि ६४ वाचनांची सरासरी घ्या.

५. मातीचा दाब. तीच माती, तेवढंच पाणी, पण सैल भरली तर वाचन वेगळं. प्रत्येक वेळी तेवढ्याच रेघेपर्यंत ठोकून भरायची. काळी माती वाळताना तडकते आणि सेन्सरपासून सुटते. मधे हवा आली की पट्टी "कोरडं" सांगते, माती आतून ओली असली तरी.

पाचव्या मुद्द्यापाशी पोचलेला गट मोजमाप म्हणजे काय हे शिकला, पंप चालो न चालो.

प्रज्ञा_म

वाखू (वाचनखूण) साठवली. नेलपेंटचा मुद्दा सोन्यासारखा आहे.

गणिताची_वही

वेगळं मत मांडतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला थेवेनिनचं प्रमेय (सर्किट सोपं करायची रीत) नीट येत नाही, हातात मल्टिमीटर दिला तर करंट मोजायला तो सप्लायला समांतर लावतो आणि फ्यूज उडवतो. अशा वेळी प्रोजेक्ट म्हणजे कुणीतरी लिहिलेला कोड उतरवणं आणि रंगीत वायरी खुपसणं. तेच ४ तास ट्युटोरियलला दिले तर पाया पक्का होईल. आधी पाया, मग माडी.

सोल्डर_धूर

@गणिताची_वही, मल्टिमीटरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण पाया कधी घालायचा हा खरा वाद आहे. उदाहरण घ्या.

जवळपास प्रत्येक गट १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ७८०५ या रेग्युलेटर आयसीने ५ व्होल्ट करतो. भार ५०० मिलिअँपिअर. आयसीवर उरतात ७ व्होल्ट, म्हणजे साडेतीन वॉट उष्णता. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेल्या टीओ-२२० पॅकेजला दर वॉटला साधारण ६५ अंश चढतात. साडेतीन वॉटला २२७ अंश. त्यात खोलीचे ३५ मिळवा. आयसी तिथवर जातच नाही, १५० च्या आसपास स्वतःला बंद करते, थंड झाली की परत चालू. टेबलावर दिसतं एवढंच, की "बोर्ड मधूनच रीसेट होतो सर".

त्या दिवशी, त्या टेबलाशी २० मिनिटं थर्मल रेझिस्टन्स (दर वॉटला किती अंश चढतात ते) शिकवा. जंक्शन, म्हणजे आयसीचा आतला भाग, १२५ अंशांवर ठेवायचं तर (१२५ − ३५) ÷ ६५ म्हणजे १.३८ वॉट, भागिले ७ व्होल्ट, म्हणजे हीटसिंकशिवाय जेमतेम २०० मिलिअँपिअर. मग मुलंच ठरवतील, हीटसिंक लावायचा की बक कन्व्हर्टर (कमी उष्णतेत व्होल्टेज उतरवणारा) घ्यायचा. हेच गणित फळ्यावर आधी सोडवलं असतं तर परीक्षेपुरतं राहिलं असतं.

गणिताची_वही

हे पटलं. मग माझी अट ऐका: ही २० मिनिटं आखणीत लिहिलेली हवीत, "गरज पडली तर" नकोत. आणि सुटे भाग हातात देण्याआधी प्रत्येक मुलाची एकेकट्याची १० मिनिटांची चाचणी हवी. व्होल्टेज मोज, करंट मोज (मीटर एकसर लावून), एलईडीला रोध काढ: ५ व्होल्ट सप्लाय, २ व्होल्ट एलईडीवर, १० मिलिअँपिअर हवे, तर ३०० ओहम, बाजारात मिळेल तो ३३०. नापास झाला तर पुढच्या आठवड्यात परत. गटाने पास व्हायचं नाही, प्रत्येकाने व्हायचं.

खडूफळा

ही अट घेतली. दुसऱ्या आठवड्यात टाकतो.

वाळू_सिमेंट

आमच्या सिव्हिलमध्ये वेळापत्रक माणूस ठरवत नाही, काँक्रीट ठरवतं. ताकद तपासायची तर २८ दिवस म्हणजे २८ दिवस. म्हणून आखणी शेवटाकडून मागे करायची.

समजा प्रश्न असा: नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ०, ५० आणि १०० टक्के वापरली तर त्याच वॉटर-सिमेंट रेशोला स्लंप (ओल्या काँक्रीटचा ढिलेपणा) आणि ताकद किती बदलते? तीन मिश्रणं, प्रत्येकी ७ दिवसांचे ३ आणि २८ दिवसांचे ३ क्यूब, एकूण १८. एक क्यूब १५० मिमीचा, म्हणजे ०.००३३७५ घनमीटर. अठरांचे ०.०६१, सांडलवंड धरून ०.०७ घनमीटर. सिमेंट अर्ध्या गोणीच्या आसपास. बरेचदा एका वेळी सहाच साचे मोकळे मिळतात, म्हणून भरणीचे तीन दिवस लागतात.

२८ दिवसांची चाचणी बाराव्या आठवड्यात हवी तर भरणी आठव्यात उरकलीच पाहिजे. ट्रायल मिक्स पाचव्यात, त्याचा ७ दिवसांचा निकाल सहाव्यात. चाळणी विश्लेषण, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, वॉटर अब्सॉर्प्शन तिसऱ्या-चौथ्यात. भरणी दहाव्या आठवड्यावर गेली की मुलं ७ दिवसांच्या आकड्यावरून २८ चा आकडा "काढतात", आणि रिपोर्ट तिथेच खोटा होतो.

चुका ठरलेल्या. क्रश सँडमध्ये बारीक भुकटी जास्त, मिश्रण घट्ट वाटतं, मग कुणीतरी मगभर पाणी ओततं. रेशो गेला, तुलना गेली. पाणी मोजूनच, आणि स्लंप हवा असेल तर प्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता मिश्रण ढिलं करणारं रसायन). वाळू कोरडी आहे की ओली हे त्या दिवशी तपासून पाणी कमी-जास्त करायचं. दुसरं, मशीनमध्ये क्यूब ठेवताना थापीने सपाट केलेली बाजू वर-खाली येता कामा नये, साच्याला लागलेल्या बाजूंवरच भार द्यायचा. थापीची बाजू खडबडीत असते, भार एका टोकावर बसतो आणि आकडा कमी येतो. भाराचा वेग मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, १५० च्या क्यूबला सेकंदाला सव्वापाच किलोन्यूटन. घाईने व्हॉल्व्ह सोडला तर ताकद फुगून दिसते. तीन क्यूबमध्ये एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त फरकाचा असेल तर तिन्ही क्यूबचा तो नमुनाच धरायचा नाही.

क्यूबवर नाव, तारीख, मिश्रण ऑइल पेंटने लिहा. खडूने लिहिलेलं क्युअरिंगच्या (क्यूब पाण्यात ठेवायच्या) टाकीत दोन दिवसांत जातं आणि मग अठरा अनाथ क्यूब.

सोल्डर_धूर

अठरा अनाथ क्यूब :) पण "शेवटाकडून मागे" हा धडा आम्हालाही लागू. पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) करायला दिली की परत यायला आठवडा-दोन आठवडे, आणि पहिली बहुतेक वेळा चुकलेली. ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम उलटा, नाहीतर कनेक्टर आरशात पाहिल्यासारखा. कागदावर १:१ छापून त्यावर सुटे भाग ठेवून बघितले तर यातल्या अर्ध्या चुका फुकटात सापडतात.

तिसरं_सेम

विद्यार्थी म्हणून लिहितोय. सर्वांचे प्रतिसाद आवडले, पण तीन अडचणी कुणी बोलत नाही. एक, इन-सेमच्या आधीचे दोन आठवडे कुणीच प्रोजेक्टला हात लावत नाही, मग आखणीत तसं मान्यच का करत नाहीत? दोन, सामान आणायला पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं तर कॉलेज बुडतं आणि खर्च एकाच्याच खिशातून होतो. तीन, चौघांत दोघं काम करतात आणि मार्क चौघांना सारखे.

मोजमाप

@तिसरं_सेम, तिसऱ्या अडचणीला आकड्यात उत्तर आहे.

प्रत्येकाने १०० गुण चौघांत (स्वतःसह) वाटायचे, गुप्तपणे. प्रत्येकाला मिळालेल्या गुणांची बेरीज भागिले १००. समजा आलं १.२०, १.०५, १.०० आणि ०.७५. बेरीज नेहमी ४ येते. गटाला ५० पैकी ४० मार्क असतील तर निम्मे मार्क सगळ्यांना सारखे आणि निम्म्यांना हा गुणक: ४० × (०.५ + ०.५ × १.२०) = ४४. बाकीचे ४१, ४० आणि ३५. पूर्ण गुणक लावला तर ४८ आणि ३० होतात आणि भांडणं पेटतात, म्हणून निम्माच.

कुठे फसतं? चौघं आधीच ठरवून २५-२५ वाटतात. त्यावर तीन उपाय. पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असं तीनदा घ्या. एकच आकडा न मागता तीन विचारा: मोजमाप, जोडणी, लिखाण. आणि ३० च्या वर किंवा २० च्या खाली दिलं तर एक ओळ कारण. पाचव्या आठवड्यातला आकडा मार्कात धरू नका, फक्त ज्याचा ०.७५ आलाय त्याला बोलावून सांगा. सुधारायला नऊ आठवडे आहेत तेव्हाच सांगण्यात अर्थ.

कमिट_कथा

कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना तर हा पुरावा आयता मिळतो. गिटचा (कोडमधले बदल नोंदणाऱ्या साधनाचा) इतिहास उघडा. चौदा आठवड्यांत एकच कमिट, म्हणजे बदलाची नोंद, तोही सबमिशनच्या आदल्या रात्री दीड वाजता, तर चर्चाच नको. पण कमिटची संख्या मोजू नका, मुलं स्वल्पविराम बदलून कमिट टाकतात. त्याऐवजी नियम: दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय मुख्य शाखेत कोड जाणार नाही. वाचणाऱ्याचं नावही तिथे राहतं.

आणि "स्टुडंट मॅनेजमेंट सिस्टिम" चालेल, पण खऱ्या आकाराच्या डेटावर. पाच नावांवर सगळं पळतं. वीस हजार नोंदी भरा, नावात "ऋ" आणि "ज्ञ" असलेली माणसं भरा, एकाच नावाचे तिघे भरा. मग शोध का मंदावतो, इंडेक्स म्हणजे काय, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं का येतात, हे सगळं मुलं स्वतःहून विचारतात.

अनामिक_वाचक

रेडीमेड प्रोजेक्टचं काय? प्रत्येक शहरात दुकानं आहेत, रिपोर्टसकट मिळतो. एवढी छान आखणी करून मुलं विकतच आणणार असतील तर?

सोल्डर_धूर

@अनामिक_वाचक, विकत मिळतो तो तयार प्रोजेक्ट, बिघडलेली वाचनं विकत मिळत नाहीत. वहीत पान नंबर घातलेले हवेत, पेनने लिहिलेलं, खोडलेलं दिसेल असं. तोंडी परीक्षेत तीन गोष्टी करा. सेन्सर काढून दुसरा लावा आणि परत कॅलिब्रेट करायला, म्हणजे वाचन खऱ्या आकड्याशी जुळवायला, सांगा (दोन बिंदू पुरतात, १५ मिनिटं). मर्यादा १२ वरून १५ टक्के करायला सांगा. आणि विचारा, "कुठलं वाचन तुम्ही टाकून दिलंत आणि का?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराने शिकवलेलं नसतं.

कॅलिपर

मेकॅनिकलकडून थोडंच. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) नसेल तर वर्कशॉपमध्ये सामान देऊ नका. एम३ (३ मिमी जाडीच्या) स्क्रूला ३ मिमीचं भोक पाडतात आणि मग हातोडी घेतात. ३.४ पाडा. थ्रीडी प्रिंटमध्ये भोक ठरवल्यापेक्षा लहानच येतं, एक चाचणी पट्टी छापून मोजा. पीएलए (प्रिंटचं प्लास्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून मोटरचं माउंट मोटरच्या उष्णतेने वाकतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला आख्खा प्रोजेक्टही.

उत्तरवारा

डेन्मार्कहून लिहितेय. ऑल्बोर्ग विद्यापीठ १९७४ साली सुरू झालं तेच या पद्धतीवर. तिथे सेमिस्टरच्या ३० क्रेडिटपैकी साधारण १५ प्रोजेक्टला असतात. इथे लोक तीच तर तुलना विसरतात. आठवड्याला ४ तासांत ऑल्बोर्ग होणार नाही, आणि व्हायला हवं असंही नाही. पण दोन गोष्टी उचलता येतात.

पहिली, प्रोजेक्टचा अहवाल वेगळा आणि गटाने काम कसं केलं याचं विश्लेषण वेगळं. सुरुवातीच्या वर्षातच मुलांना लिहावं लागतं की वेळ कुठे गेला, निर्णय कसे घेतले, भांडण कशावरून झालं, पुढच्या वेळी काय बदलणार. दोन पानं पुरतात. दुसरी, परीक्षेला गट एकत्र बसतो, पण प्रश्न नाव घेऊन विचारतात आणि ग्रेड प्रत्येकाची वेगळी. सेन्सरचं काम केलेल्याला कोडबद्दल विचारतात आणि कोडवाल्याला सेन्सरबद्दल. हे आधीच जाहीर असलं की मुलं एकमेकांना शिकवायला लागतात.

गणिताची_वही

@उत्तरवारा ताई, नाव घेऊन आणि आडवे प्रश्न, हे उद्यापासून करता येईल. एक पैसा खर्च नाही. छान.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आखणी बदलली, ती इथे टाकतो, चिरफाड करा.

पहिला आठवडा: मी दिलेले ८ प्रश्न, प्रत्येकात आकडा आणि मोजण्याची पद्धत. एका बॅचमध्ये एक प्रश्न दोनपेक्षा जास्त गटांना नाही. दुसरा: एकेकट्याची चाचणी. तिसरा ते पाचवा: पहिली आवृत्ती, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडायच्या पाटीवर), कितीही ओबडधोबड, पण पाचव्या आठवड्याच्या शेवटी मोजून दाखवायची. सहावा-सातवा: इन-सेम, प्रोजेक्टला पूर्ण सुट्टी, @तिसरं_सेम चं म्हणणं बरोबर आहे. आठवा: पहिल्या आवृत्तीत काय चुकलं याचं एक पान, आणि त्यावरून दुसरीची रचना. नववा ते अकरावा: दुसरी आवृत्ती, सोल्डर केलेली. बारावा: गटांची अदलाबदल, शेजारच्या गटाचं यंत्र मोजायचं. तेरावा: तोंडी. चौदावा: राखीव.

दर आठवड्याला गटामागे १५ मिनिटं, ५ गटांचा सव्वा तास, उरलेले पावणेतीन तास मुलांच्या हातात. सामान कॉलेजने एकदम आणायचं, गटाला डब्यात द्यायचं, शेवटी मोजून परत घ्यायचं.

शंका एकच. दोन आवृत्त्या केल्या तर दुसरी अर्धवट राहायची भीती वाटते.

वाळू_सिमेंट

राहू दे अर्धवट. फक्त दुसऱ्या आवृत्तीत एकच गोष्ट बदलायची अशी अट घाला. सेन्सर बदलला तर सप्लाय तोच, कोड तोच. तीन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कुणालाच सांगता येत नाही. आम्ही मिश्रणात हेच करतो.

तिसरं_सेम

सुट्टीबद्दल आभार सर! डब्यात एक मागणी: प्रत्येक डब्यात दोन जादा ट्रान्झिस्टर, एक जादा सेन्सर आणि मीटरचे चार फ्यूज ठेवा. रविवारी रात्री काहीतरी उडतंच आणि दुकानं सोमवारी उघडतात.

सोल्डर_धूर

आणि पंपाच्या मोटरला आडवा १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे, म्हणजे मोटर बंद होतानाचा उलटा झटका ट्रान्झिस्टरला बसणार नाही. तो डब्यात असेल तर ट्रान्झिस्टर दोनऐवजी एक जादा पुरेल.